आतड्याचा नकाशा: गाठ नेमकी कुठं आहे?

मी चांदवडचा, शिक्षणानं बीटेक, कामानं सॉफ्टवेअर इंजिनियर. डॉक्टर नाही, हे आधीच सांगून ठेवतो. आजचा विषय माझ्या आवडीचा, म्हणजे नकाशे. पण रस्त्यांचे नाहीत. आपल्या पोटातल्या मोठ्या आतड्याचा नकाशा. एपिसोडमध्ये बोलताना जिथं नुसते हातवारे केले, तिथं या लेखी मजकुरात दोन वाक्यं जास्तीची टाकली आहेत.

आधी जीआयएस म्हणजे काय ते बघू. एका वाक्यात सांगायचं तर नकाशा आणि तक्ता यांचं लग्न. ऑनलाइन भूनकाशात गट नंबर टाकला की शेताचा तुकडा दिसतो आणि त्याला जोडलेली माहितीही मिळते. प्रत्येक नोंदीला जागा असते, म्हणून मग प्रश्न विचारता येतात. काय कुठं जास्त आहे? कशाच्या शेजारी काय आहे?

आता हेच शरीराच्या आत केलं तर? अमेरिकेत, मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्ड इथल्या बेस्टेट मेडिकल सेंटरच्या संशोधकांनी हा प्रयोग केला. भूगोलासाठी बनलेली जीआयएसची साधनं त्यांनी गुदाशयातल्या, म्हणजे आतड्याच्या अगदी शेवटच्या भागातल्या गाठींच्या जागा मांडायला वापरली. २००७ साली तो अभ्यास ‘इंटरनॅशनल जर्नल ऑफ हेल्थ जिऑग्राफिक्स’मध्ये छापून आला.

ऐकायला सोपं वाटतं. पण नकाशाला आधी पत्ता लागतो, आणि आतड्यात पत्ता लिहिणं अवघड आहे. मोठं आतडं साधारण दीड मीटर लांब. कोलोनोस्कोपीत कॅमेऱ्याची नळी मागून आत सरकवतात आणि नळीवर सेंटीमीटरच्या खुणा असतात. मग आकडा वाचला की झालं? नाही ना! पायजम्यात नाडी ओवताना पिन पुढं सरकते आणि कापड तिच्यावर चुण्या पडून गोळा होतं, तसंच आतडं नळीवर गोळा होतं. नळी सरळ असेल तर ७०-८० सेंटीमीटर आत गेल्यावरच ती आतड्याच्या पार दुसऱ्या टोकाला पोहोचलेली असू शकते. नळीला वेटोळं पडलं असेल तर तोच आकडा अर्ध्या वाटेवर येतो. म्हणजे ‘५० सेंटीमीटरवर गाठ’ हा पत्ता फारसा भरवशाचा नाही.

यावर उपाय आपण रोज वापरतो. मुंबई-आग्रा रस्त्यावर गाडी बंद पडली की आपण किलोमीटर सांगत नाही. ‘रेणुकामातेचं मंदिर आणि राहुड घाट यांच्या मध्ये’ असं सांगतो. रस्ता रुंद झाला, वळण काढलं, तरी खुणा जागेवर असतात. आतड्यातही अशा पक्क्या खुणा आहेत. सुरुवातीची पिशवी, जिला सीकम म्हणतात आणि जिथं अपेंडिक्सचं तोंड असतं. मग यकृताजवळचं वळण, प्लीहेजवळचं वळण आणि शेवटी गुदद्वार. या दोन खुणांच्या मध्ये इतके टक्के, असा पत्ता लिहिला की उंच माणसाचं आणि बुटक्या माणसाचं आतडं एकाच नकाशावर बसवता येतं.

गुदाशयात तर पत्ता आणखी नेमका लिहितात. गुदद्वारापासून किती सेंटीमीटर, आणि घड्याळाच्या कोणत्या आकड्याच्या दिशेला. ‘८ सेंटीमीटर, ३ वाजता.’ झाले की अक्षांश-रेखांश! पण ही नळी सपाट कागदावर मांडायची कशी? १२ च्या रेषेवर उभी कापून उलगडली, तर साडेअकराची गाठ एका कडेला जाते आणि साडेबाराची दुसऱ्या. प्रत्यक्षात त्या शेजारी-शेजारी आहेत, सॉफ्टवेअरला मात्र लांब दिसतात. दुसरी पद्धत विहिरीसारखी. काठावर उभं राहून खाली बघायचं. कठडा मोठा, तळ लहान. इथं कापावं लागत नाही, पण खोलवरच्या गाठी उगीचच दाटीवाटीनं बसल्यासारख्या दिसतात. पृथ्वीच्या नकाशाची जी जुनी दुखणी आहेत, तीच पोटातही निघाली.

एवढा खटाटोप कशासाठी? कारण ‘कुठं’ कळलं की ‘काय’ असू शकेल याचा अंदाज येतो. अल्सरेटिव्ह कोलायटिस बहुतेक वेळा गुदाशयात सुरू होतो आणि सलग वर पसरतो. क्रोन्स मधे मधे निरोगी जागा सोडत जातो. आतड्याचा टीबी जास्त करून लहान आतडं मोठ्या आतड्याला मिळतं तिथं दिसतो. पण क्रोन्सलाही तीच जागा आवडते, म्हणून आपल्याकडं या दोघांत डॉक्टरांची खरी परीक्षा असते. नकाशा तपासाची दिशा दाखवतो, निकाल देत नाही. त्यासाठी तुकडा काढून तपासावाच लागतो.

कर्करोगातही जागा बोलते. उजव्या बाजूची गाठ बराच काळ गप्प राहते. रक्त थोडं थोडं जातं, माणूस फिकट पडतो, थकतो. डाव्या बाजूला शौचाच्या सवयी बदलतात, रक्त डोळ्यांना दिसतं. आणि गाठ गुदद्वाराजवळ असेल, तर नैसर्गिक वाट राखता येईल की पोटावर कायमची पिशवी लावावी लागेल, हे कधी कधी दोन-तीन सेंटीमीटरवर ठरतं.

आता महाराष्ट्रातलं बघू. मुंबईत १९६३ पासून आणि ग्रामीण भागात बार्शीला १९८७ पासून कर्करोगाची नोंदणी चालते. अशा नोंदणीत जागेसाठी जगभर चालणारे कोड वापरतात. सीकमला सी१८.०, आडव्या भागाला सी१८.४, गुदाशयाला सी२०. हा आतड्याचा पिनकोडच समजा. यात एक कोड आहे सी१८.९, म्हणजे मोठं आतडं, पण नेमकी जागा नोंदलेली नाही. पत्ता अर्धवट! अशी नोंद मोजणीत धरली जाते, नकाशावर मात्र बसत नाही. रिपोर्टमध्ये एक ओळ कमी लिहिली की पुढच्या सगळ्या अभ्यासातून तो ठिपका गळाला.

आणखी एक गोम. नकाशावरची कोरी जागा म्हणजे रोग नसलेली जागा असं नाही. छोट्या दुर्बिणीनं फक्त डावी बाजू दिसते. तेवढीच तपासणी झाली तर उजवी बाजू स्वच्छ दिसणारच, कारण तिथं कुणी गेलंच नाही. आणि जो माणूस तपासायलाच गेला नाही, त्याचा तर ठिपकाही नाही. आपल्या तालुक्यात शौचातून रक्त गेलं की ‘मूळव्याध असंल, उष्णता झाली असंल’ म्हणून माणसं महिनोन्‌महिने काढतात. बहुतेकदा मूळव्याध असतेही. पण ती आहे हे बघून ठरवायचं असतं, अंदाजानं नाही.

म्हणून दोन गोष्टी मोबाइलमध्ये लिहून ठेवा. घरात कुणाला शौचातून रक्त जात असेल, सवय काही आठवडे बदललेली असेल किंवा कारण नसताना रक्त कमी झालं असेल, तर लाज बाजूला ठेवून डॉक्टरांकडं न्या, वय कमी असलं तरी. आणि कोलोनोस्कोपी झाली तर दोन प्रश्न विचारा: ‘कॅमेरा सीकमपर्यंत पोहोचला का?’ आणि ‘जे दिसलं ते नेमकं कुठं?’ उत्तर रिपोर्टवर लिहून घ्या. पुढचा डॉक्टर त्याच पत्त्यावर जाणार आहे.

हा एपिसोड घरच्या ग्रुपवर टाका. विषय जेवणाच्या ताटावरचा नाही, पण घरातला नक्की आहे. भेटू पुढच्या भागात!