मुकी झालेली मोटारसायकल

नागपूरचा उन्हाळा माणसांना जसा भाजून काढतो, तसाच तो यंत्रांनाही सोडीत नाही. पारा ४५ अंशांवर गेला की मोटारसायकलच्या तारांवरील वेष्टन कडक होऊन तडकू लागते, बॅटरीचे आयुष्य घटते; आणि पुढे आषाढाची झड लागली की ओल नेमकी त्या तड्यांतून आत शिरते. म्हणूनच मनीषनगरातून वर्धा मार्गाकडे ऐन कचेरीच्या वेळी एखादा गृहस्थ आपली गाडी ढकलीत निघालेला दिसला, तर नवल नाही.

अशा वेळी कुशल मिस्त्री घाईने हत्यार उचलीत नाही. तो प्रथम किल्ली फिरवून दिवा लावतो. दिवा लखलखीत आहे, पण सेल्फचे बटण दाबताच तो मालवल्यासारखा होतो आणि आतून नुसते ‘टक् टक्’ ऐकू येते, याचा अर्थ बॅटरी क्षीण झाली आहे किंवा तिचा सांधा सैल आहे. इंजिन फिरविण्यास फार मोठा प्रवाह लागतो. दिव्याला पुरणारी शक्ती तेथे अपुरी पडते. बॅटरीच्या टोकांवर साचलेली पांढरी-हिरवट भुकटीही हाच अडथळा निर्माण करते. ती खरवडताना ऋण टोकाची तार आधी सोडावी. गाडीचा लोखंडी सांगाडा ऋण टोकास जोडलेला असतो. धन टोकावरील पाना चुकून त्यास टेकला, तर मोठी ठिणगी उडते.

बारा व्होल्टची भरलेली बॅटरी स्वस्थ असताना मापकावर सुमारे १२.६ व्होल्ट दाखविते. इंजिन वेगाने चालू असता हा आकडा १४ च्या आसपास चढला पाहिजे. तो चढत नसेल, तर दोष वीज निर्माण करणाऱ्या भागात किंवा तिचे नियमन करणाऱ्या भागात आहे. १८३१ साली फॅरेडेने शोधलेल्या तत्त्वावरच ही चिमुकली वीजशाळा चालते.

दिवा मुळीच लागत नसेल, तर फ्यूज पाहावा. येथे पुष्कळांचा पाय घसरतो. जळालेल्या फ्यूजच्या जागी तांब्याची तार गुंडाळली की गाडी तत्काळ सुरू होते व मालक खूश होतो. परंतु फ्यूज वितळला, तो पुढचा अनर्थ टाळण्यासाठीच! जाड तार वितळत नाही. तिच्याऐवजी गाडीतील तारांचे जाळे तापते, आणि त्याच्या अगदी वर पेट्रोलची टाकी असते. तेवढ्याच अँपिअरचा नवा फ्यूज घालावा. तोही जळाला, तर कोठेतरी उघडी तार सांगाड्यास चिकटत आहे.

ती शोधण्याची एक साधी युक्ती आहे. दिवा लावून हँडल सावकाश डावीउजवीकडे फिरवावे. दिवा लुकलुकला किंवा फ्यूज गेला, तर दिव्यामागे, मानेपाशी पाहावे. प्रत्येक वळणावर तेथे तारा घासल्या जातात. घासलेली तार वेष्टनपट्टीने गुंडाळून, हँडल दोन्हीकडे पूर्ण वळेल इतकी सैल ठेवून, मिस्त्री ती सांगाड्यापासून दूर बांधतो आणि मगच बटणावर बोट ठेवतो.