वीस टक्क्यांचा हिशेब

इंधनाची गोष्ट : लेखांक ६

काचेच्या मोजपात्रात पंपावरचं ८० मिलिलिटर पेट्रोल घेतलं, त्यात २० मिलिलिटर पाणी ओतलं, बूच लावून नीट हलवलं आणि पात्र थोडा वेळ टेबलावर ठेवून दिलं, तर पाणी पुन्हा तळाशी जाऊन बसतं. पण आता ते वीस राहिलेलं नसतं, पस्तिशीच्या आसपास गेलेलं असतं. पेट्रोलमधलं इथेनॉल पेट्रोलला सोडून पाण्यात गेलेलं असतं. (हा प्रयोग प्रयोगशाळेतच करायचा, स्वयंपाकघरातल्या ओट्यावर नाही.)

कारखान्याच्या डिस्टिलरीत मळीचं इथेनॉल कसं होतं आणि साध्या ऊर्ध्वपातनात ते ९५-९६ टक्क्यांवर येऊन का अडतं, हे मागच्या लेखांकात पाहिलं. उरलेलं पाणी काढून ते साडेनव्याण्णवच्या पुढे नेण्याचा एवढा आटापिटा कशासाठी, ते या पात्रात दिसतं. पाण्याच्या याच ओढीमुळे इथेनॉल सहसा पेट्रोलच्या पाइपलाइनमधून पाठवत नाहीत. ते टँकरने तेल कंपन्यांच्या डेपोत येतं आणि तिथे पेट्रोलमध्ये मिसळलं जातं. महाराष्ट्राला हे नवं नाही. २००१ साली देशात मिश्रणाचे पहिले प्रायोगिक प्रकल्प झाले, त्यांतले दोन मिरज आणि मनमाडला होते. २००३ मध्ये पाच टक्क्यांची योजना आली आणि रखडली. २०१३-१४ मध्ये प्रत्यक्ष मिश्रण होतं १.५३ टक्के. मग मात्र गाडी सुसाट निघाली. २०२२ च्या जूनमध्ये दहा टक्के झाले. वीस टक्क्यांसाठी आधी २०३० ची मुदत होती, ती अलीकडे ओढली गेली आणि २०२५ मध्ये वीसही गाठले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये वादाला तोंड फुटलं.

वादातला सगळ्यात मोठा आवाज ‘इंजिन खराब होतं’ हा. त्यात तथ्य आहे, पण कोणती गाडी ते बघावं लागतं. एक किलो पेट्रोल पुरतं जळायला साधारण १४.७ किलो हवा लागते. इथेनॉलच्या रेणूतच ऑक्सिजन असल्याने त्याला नऊ किलो पुरते. म्हणजे ई-२०, अर्थात वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल, भरलं की तेवढ्याच हवेला थोडं जास्त इंधन सोडावं लागतं. फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत सायलेन्सरच्या नळीतला ऑक्सिजन सेन्सर हे ओळखतो आणि इंधन वाढवून घेतो. कार्ब्युरेटरला यातलं काही कळत नाही. त्याचा जेट म्हणजे पितळेच्या तुकड्याला पाडलेलं बारीक भोक, त्यातून जायचं तेवढंच जातं. मिश्रणात हवा जास्त होते, इंजिन जास्त तापतं, थंडीत सकाळी चार किका जादा माराव्या लागतात. एप्रिल २०२० मध्ये बीएस-६ ही प्रदूषणाची मानकं आली, त्याआधीच्या बहुतेक दुचाक्या कार्ब्युरेटरच्या. शिवाय इथेनॉल उत्तम द्रावक असल्याने जुन्या टाकीत बसलेला चिकटा सोडवतं आणि तो जाऊन नेमका जेटमध्ये अडकतो. जुन्या रबराच्या नळ्या नि ओ-रिंगा फुगतात, कडक होतात, चिरतात. एप्रिल २०२३ पासूनच्या गाड्यांत हे भाग ई-२० ला टिकतील असे बसवलेले आहेत. त्या गाडीवाल्यांनी व्हॉट्सअ‍ॅपवरचे व्हिडिओ पाहून झोप उडवून घेऊ नये.

राहिलं अ‍ॅव्हरेज. एक लिटर पेट्रोलमध्ये सुमारे ३२ मेगाज्यूल ऊर्जा असते, एक लिटर इथेनॉलमध्ये २१. ई-२० ची बेरीज तिसाच्या किंचित खाली येते. शुद्ध पेट्रोलच्या तुलनेत जवळपास सात टक्के कमी, ई-१० च्या तुलनेत साडेतीन. हे कोणी दडवलेलंही नाही. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालात लिहिलं होतं की साध्या पेट्रोलसाठी बनवलेल्या आणि ई-१० ला जुळवलेल्या मोटारींचं अ‍ॅव्हरेज ६-७ टक्के घटेल, तशाच दुचाक्यांचं ३-४, आणि ई-१० साठी बनवून ई-२० ला जुळवलेल्या मोटारींचं १-२ टक्के. इथेनॉलमुळे ऑक्टेन ९१ वरून ९५ पर्यंत जातो हे खरं, पण त्याचा फायदा उठवायला इंजिनाचा कॉम्प्रेशन रेशो तसा लागतो. दहा वर्षांपूर्वीच्या स्कूटरला त्याचा फारसा उपयोग नाही.

माझ्या मते खरं भांडण भावाचं आहे. आपण पैसे मोजतो लिटरचे, गाडी पळते ऊर्जेवर. लिटरचा भाव १०४ रुपये धरला तर साडेतीन टक्के म्हणजे साडेतीन रुपयांहून थोडी जास्त किंमत हातातून जाते, आणि पंपावरचा आकडा जागचा हलत नाही. नीती आयोगाच्या त्याच अहवालाने सुचवलं होतं की ऊर्जा कमी म्हणून मिश्रित इंधनाचा भाव साध्या पेट्रोलपेक्षा कमी ठेवावा, त्यासाठी करात सवलत द्यावी. ते झालं नाही. पेट्रोलियम मंत्रालयाचं उत्तर असं की आता इथेनॉलच महाग झालं आहे. जुलै २०२५ अखेर वाहतूक आणि जीएसटी धरून ते सरासरी ७१ रुपये ३२ पैसे लिटर पडत होतं, करांआधीच्या पेट्रोलपेक्षा जास्त. उत्तर प्रामाणिक आहे. पण त्याचा अर्थ एवढाच की परकीय चलन वाचवण्याचा आणि शेतमालाला भाव देण्याचा खर्च स्कूटरवाल्याच्या टाकीतून वसूल होतो. हा खर्च देशहिताचा असेलही. मग तो बिलावर दिसायला काय हरकत आहे?

शेतकऱ्याचं नाव या वादात सगळेच घेतात, पण कोणत्या शेतकऱ्याचं ते सांगत नाहीत. इथेनॉलचे पैसे लवकर येतात, त्यामुळे कारखान्यांना एफआरपी, म्हणजे उसाचा किमान दर, वेळेवर देणं सोपं झालं, हे खरं. मात्र ७ डिसेंबर २०२३ रोजी, ऐन गळीत हंगामात, उसाच्या रसापासून इथेनॉल करायला केंद्राने बंदी घातली. आठवडाभरातच ती सैल करून १७ लाख टन साखरेची मर्यादा घातली गेली. कर्ज काढून डिस्टिलरी उभारलेल्या कारखान्यांनी तो आठवडा कसा काढला असेल, याची कल्पना करावी. ती मर्यादा पुढच्या हंगामासाठी उठली, पण तोवर मका पुढे निघून गेला होता. मक्याच्या इथेनॉलला लिटरमागे ७१ रुपये ८६ पैसे मिळत होते, बी-हेवी (साखरेचा काही अंश राखलेल्या) मळीच्या इथेनॉलला ६० रुपये ७३ पैसे. मक्याचे भाव चढले, पोल्ट्रीवाले ओरडले. इथेनॉल काढून झाल्यावर मक्याचा जो प्रथिनयुक्त चोथा उरतो, तो पशुखाद्यात स्वस्तात जातो आणि सोयाबीनच्या पेंडीची जागा घेतो. २०२४ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव होता क्विंटलला ४,८९२ रुपये, मराठवाडा-विदर्भातल्या बाजार समित्यांत माल त्याखाली कित्येक शेकड्यांनी विकला गेला. त्यामागे खाद्यतेलाची आयात होतीच, पण हा चोथाही होता. मक्यावाला सुखावला आणि त्याच्याच बांधाशेजारचा सोयाबीनवाला बुडाला, असंही झालं. उसाच्या पाण्याचा प्रश्न वेगळ्या लेखांकाचा आहे.

ब्राझीलचा दाखला आपल्याकडे वारंवार दिला जातो. तिथे १ ऑगस्ट २०२५ पासून तीस टक्के मिश्रण आहे. पण त्यांची इथेनॉल योजना १९७५ ची, फ्लेक्स-फ्युएल गाड्या २००३ पासूनच्या, आणि पंपावर मिश्रित पेट्रोलशेजारी निव्वळ इथेनॉलही मिळतं. इथेनॉलचा भाव पेट्रोलच्या ७० टक्क्यांच्या खाली असेल तरच ते भरायचं, हा तिथला ठरलेला हिशेब. अमेरिकेत ई-१५ विकणाऱ्या पंपावर नारिंगी चिठ्ठी असते, २००१ आणि त्यानंतरच्या मोटारींनीच हे भरावं म्हणून. आपल्याकडे इथेनॉलविरहित पेट्रोलचाही पर्याय मिळावा ही मागणी करणारी याचिका सर्वोच्च न्यायालयाने १ सप्टेंबर २०२५ रोजी फेटाळली. कायद्याच्या अंगाने ते योग्य असेल. पण जुन्या गाड्यांसाठी शहरात दोन-चार पंपांवर तरी ई-१० ठेवणं अशक्य कोटीतलं नाही.

तोवर कार्ब्युरेटरची गाडी असेल तर इंधनाची नळी आणि ओ-रिंगा एकदा मेकॅनिककडून तपासून घ्या, गरज असेल तर बदला. गाडी पावसाळ्यात महिनाभर उभी राहणार असेल तर टाकी अर्धवट ठेवू नका, मोकळ्या जागेत दमट हवा शिरते आणि पुढे काय होतं ते मोजपात्रात पाहिलंच आहे.

पुढच्या आठवड्यात डिझेलकडे वळू. तिथे इथेनॉल जमलं नाही, म्हणून आता आयसोब्युटेनॉलचं घाटत आहे.