गरोदरपणात बीपी वाढलाय? अळणी खाण्याआधी हे वाचा

उपकेंद्रात तपासणी होते, बीपी १५०/९६ निघतो. सातव्या महिन्यातली सून घरी येऊन सांगते आणि त्याच दिवसापासून तिचं ताट बदलतं. "मीठ बंद कर, अळणीच खा", "पाय सुजलेत, पाणी कमी पी", "डाळ नको, जड पडेल". सगळे मायेपोटीच सांगत असतात. पण यातल्या बऱ्याच सल्ल्यांनी बाळंतिणीचं आणि बाळाचं नुकसानच होतं.

बीपी वाढला म्हणजे नेमकं काय?

वरचा आकडा १४० किंवा खालचा ९०, यापैकी एक जरी तेवढा किंवा त्याहून जास्त असला आणि पुन्हा मोजल्यावरही तसाच आला, तर त्याला गरोदरपणातला उच्च रक्तदाब म्हणतात. विसाव्या आठवड्यानंतर बीपी वाढून लघवीतून प्रोटीन जायला लागलं, तर तो 'प्रीएक्लॅम्पसिया' असू शकतो. यात बाळाला वारेतून होणारा रक्तपुरवठा कमी पडतो, बाळाची वाढ खुंटते आणि आईला झटके येण्याचा धोका असतो. अनेकदा सुरुवातीला काहीच त्रास जाणवत नाही. म्हणून "मला तर बरंच वाटतंय" म्हणून तपासणी टाळू नये.

मीठ किती खायचं?

जागतिक आरोग्य संघटनेच्या मते मोठ्या माणसाला दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे सपाट एक छोटा चमचाभर मीठ पुरे. मीठ पूर्ण बंद केल्याने गरोदरपणातला बीपी टळतो, असं दिसून आलेलं नाही. उलट अळणी जेवण घशाखाली उतरत नाही आणि बाई उपाशी राहते.

घरचा साधा हिशोब असा. चार मोठ्या माणसांचं घर असेल, तर दिवसाला २० ग्रॅम, महिन्याला ६०० ग्रॅम मीठ होतं. म्हणजे एक किलोचा पुडा दीड महिना पुरायला हवा. तो वीस-पंचवीस दिवसांत संपत असेल, तर मीठ जास्त पडतंय, आणि ते फक्त सुनेच्या नाही, घरातल्या सगळ्यांच्याच पोटात जातंय.

लपलेलं मीठ वेगळंच. लोणचं, पापड, सुकट, खारे शेंगदाणे, फरसाण, वेफर्स यांत ते भरपूर असतं. खायचा सोडा, पापडखार आणि पित्तासाठी पाण्यात टाकून घेतात ती फसफसणारी पावडर यांतही सोडियम असतं. सैंधव मीठही शेवटी मीठच आहे. 'लो सोडियम' मीठ मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय आणू नये; त्यात पोटॅशियम असतं आणि मूत्रपिंडाचा त्रास असेल तर ते धोक्याचं ठरतं.

ताटात काय असावं?

महागडं काही लागत नाही. ज्वारी, बाजरी किंवा नाचणीची भाकरी, वाटीभर घट्ट वरण किंवा मटकी-चवळीची उसळ, तांदुळजा, मेथी किंवा शेवग्याच्या पाल्याची भाजी, काकडी-गाजर, मीठ न घातलेलं ताक किंवा दही आणि पेरू, केळं, पपनस असं एखादं फळ. चालत असेल तर उकडलेलं अंडं. चव आणायला लिंबू, कोथिंबीर, लसूण, जिरं, आमसूल वापरावं.

लघवीतून प्रोटीन जातंय म्हणून डाळ बंद करणं चुकीचं आहे. गळती मूत्रपिंडातून होते, डाळ खाल्ल्यामुळे नाही. पाणीही नेहमीसारखंच प्यावं. डॉक्टरांनी सांगितलं तरच कमी करावं. "दोन जिवांचं" म्हणून दुप्पट खायची गरज नाही, पण वजन कमी करायला उपवासही नको.

कॅल्शियमच्या गोळीचं महत्त्व

ज्यांच्या आहारात कॅल्शियम कमी असतं, त्यांना कॅल्शियमच्या गोळ्या दिल्या तर प्रीएक्लॅम्पसियाचा धोका कमी होतो. म्हणूनच सरकारी दवाखान्यात चौथ्या महिन्यापासून ५०० मिलिग्रॅमची गोळी दिवसातून दोनदा घ्यायला देतात. ती जेवणासोबत घ्यावी. लोहाची गोळी मात्र वेगळ्या वेळी, किमान दोन तासांच्या अंतराने घ्यावी. दोन्ही एकदम घेतल्या तर लोह अंगी लागत नाही. लोहाच्या गोळीवर लगेच चहा नको. जेवणात नाचणी, तीळ, दूध-ताक यांतूनही कॅल्शियम मिळतं. शंभर ग्रॅम नाचणीत ते साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास असतं.

हे मात्र बंदच

मिश्री, तंबाखू आणि दारू. "मिश्री फक्त दाताला लावते" असं अनेक जणी म्हणतात, पण ती तंबाखूच आहे आणि तिचं निकोटिन रक्तातून बाळापर्यंत पोचतं. खोकल्यासाठी ज्येष्ठमध चघळत राहू नये, त्याने बीपी वाढतो. चहा एक-दोन कपांवर ठेवावा.

गोळी आणि ताट, दोन्ही हवं

योग्य आहार औषधाला साथ देतो, औषधाची जागा घेत नाही. डॉक्टरांनी दिलेली बीपीची गोळी मनाने बंद करू नये. आधीपासून बीपीची गोळी चालू असेल, तर दिवस राहिल्याचं कळताच डॉक्टरांना सांगावं. काही गोळ्या बाळाला घातक असतात आणि त्या बदलून घ्याव्या लागतात. दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात सरकारी दवाखान्यात मोफत तपासणी होते. ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर जाणाऱ्या महिलांनी माता-बाल संरक्षण कार्ड आणि पुरतील एवढ्या गोळ्या सोबत न्याव्यात.

थांबू नका, निघा

डोकं असह्य दुखणं, डोळ्यांपुढे अंधारी किंवा काजवे, बरगडीखाली पोटात कळ, चेहरा आणि हात अचानक सुजणं, लघवी कमी होणं, बाळाची हालचाल मंदावणं, झटका येणं किंवा बीपी १६०/११० च्या घरात जाणं. यातलं एक जरी दिसलं तरी सकाळची वाट पाहू नये. १०८ किंवा १०२ ला फोन करून दवाखाना गाठावा. बाळंतपणानंतरही सहा आठवडे हा धोका राहतो, तेव्हा बीपी मोजणं चालू ठेवावं.

आणि एक गोष्ट घरातल्यांसाठी. बऱ्याच घरांत सून सगळ्यांना वाढून शेवटी जेवते, तोवर डाळ-भाजी संपलेली असते आणि उरलेल्या भाकरीसोबत लोणच्याची फोड तेवढी राहते. तिला सगळ्यांसोबत पहिल्या पंगतीला बसवलं, तर वरचे निम्मे सल्ले आपोआप पाळले जातील.