पाहुणं इंजिन, घरची टाकी
जुनी गाडी, चालती गाडी : लेखांक 6

मागच्या लेखात सीजे-थ्री-बी जीपचं हरिकेन इंजिन उतरवून बोअर आणि क्रँकच्या कामाला दिलं, तिथं आपण थांबलो होतो. चार सिलिंडर, सुमारे 2.2 लिटर, पेट्रोल. ओव्हरसाइज पिस्टन मिळेपर्यंत महिना-दोन महिने सहज जातात. तोवर तासगावकडं द्राक्षाची छाटणी येते, कराडकडं उसाला तोड लागते आणि रानात जायला जीप हवीच असते. मग गॅरेजमध्ये कोणीतरी म्हणतं, "तोवर डिझेल इंजिन टाकू की!"

सूचना वावगी नाही. महिंद्रानंच पुढं आपल्या जिपांत 2112 सीसीचं प्यूजो डिझेल इंजिन दिलं. आपल्याकडच्या वडापच्या कित्येक जिपा त्याच इंजिनावर धावल्या. त्यामुळं बेल हाउसिंग, माउंटिंग जुन्या बाजारात शोधलं तर सापडतं. डिझेलची भीतीही या भागाला नाही. किर्लोस्करवाडी 1910 ची, सातारा रोडला कूपरचा कारखाना, आणि विजेचे पंप येण्याआधी कृष्णाकाठच्या विहिरींवर डिझेल इंजिनंच पाणी उपसत होती. नोझल आणि फीड पंप हे शब्द इथल्या शेतकऱ्याला शिकवावे लागत नाहीत.

माउंटिंग आणि गिअरबॉक्स आज बाजूला ठेवू. आज फक्त इंधनाचा मार्ग बघायचा, कारण घाईत सगळ्यात जास्त नुकसान तिथंच होतं. माझं म्हणणं सरळ आहे. पाहुण्या इंजिनासाठी घरच्या टाकीला आणि घरच्या नळीला हात लावायचा नाही. डिझेलची व्यवस्था पूर्ण वेगळी, शेजारून न्यायची. खर्च थोडा वाढतो, पण हरिकेन परत बसवताना टाकी जशी होती तशी हाती येते.

याला आपल्याकडं जुना आधारही आहे. दुसऱ्या महायुद्धात पेट्रोलवर रेशन आलं, तेव्हा मोटारींच्या मागं कोळशाच्या गॅसचे प्लांट बसले. लोणारी कोळसा अर्धवट जाळून निघालेला गॅस गाळून, थंड करून इंजिनात सोडायचे. ताकद तिसऱ्या हिश्शानं किंवा त्याहून जास्त घटायची, घाट चढताना गाडी रडायची. पण ही जोड वरून होती. मूळ इंजिन जागेवरच राहायचं, म्हणून पेट्रोल मिळू लागल्यावर प्लांट उतरवून गाडी पुन्हा पहिल्यासारखी करता आली.

आता टाकी. जीपची पेट्रोलची टाकी सीटखाली असते. डिझेल टाकायचं म्हटलं की पहिला विचार येतो तो तिलाच भोक पाडून रिटर्नची नळी वेल्ड करायचा. हे करू नका. रिकामी पेट्रोलची टाकी भरलेल्या टाकीपेक्षा जास्त धोक्याची असते. आत पेट्रोल संपलेलं असलं तरी वाफ असते, आणि हवेत मिसळलेली ती वाफ एका ठिणगीनं टाकी फोडते. टाकी धुतली, उन्हात ठेवली, एवढ्यानं वाफ गेली असं होत नाही. पत्र्याच्या सांध्यांत आणि गंजाच्या थरांत पेट्रोल मुरलेलं असतं, वेल्डिंगच्या उष्णतेनं ते पुन्हा वाफ होऊन बाहेर येतं.

दुसरं कारण मळाचं. जुन्या टाकीच्या आत पेट्रोलचा वाळलेला चिकट थर असतो. डिझेल तो हळूहळू सोडवतं आणि सुटलेला मळ थेट फिल्टरकडं निघतो. शिवाय तळाशी उरलेलं पेट्रोल डिझेलमध्ये मिसळलं, तर डिझेल पंपाला वंगण कमी पडतं. पंपाच्या आतले भाग डिझेलच्याच वंगणावर चालतात, पेट्रोलला ते गुण नाहीत. कार्बोरेटरला इंधन लागतं 0.2-0.3 बारच्या दाबानं. नोझल उघडायला शंभर बारच्या वर दाब लागतो. एवढ्या दाबाचं काम करणाऱ्या पंपात कचरा किंवा पेट्रोल गेलं, की दुरुस्तीचा आकडा पाहुण्या इंजिनाच्या किमतीजवळ जातो.

म्हणून टाकी पूर्ण रिकामी करा, नळीची दोन्ही टोकं बंद करा, झाकण लावा आणि तिला विसरा. मागच्या बाजूला, सीटच्या पाठीमागं, 20 लिटरचा जेरीकॅन लोखंडी पट्टीत घट्ट आवळून बसवा. लष्करी जीपला जेरीकॅनची जागा मागं, बॉडीच्या बाहेर असायची. पण चालू इंधनाचा कॅन आत असलेला बरा, मागून धक्का बसला तर तो पहिला फुटू नये. सायलेन्सरपासून लांब ठेवा, आणि झाकणाला हवेचं बारीक छिद्र असू द्या. नाहीतर कॅनमध्ये निर्वात होऊन गाडी अर्ध्या रस्त्यात बंद पडते.

कॅनमधून दोन नळ्या निघतील. 8 मिलिमीटरची ओढणारी आणि 6 मिलिमीटरची परतीची. पेट्रोल जीपला परतीची नळी नव्हतीच, तिथंच गोंधळ होतो. डिझेलचा पंप लागतं त्यापेक्षा जास्त इंधन घेतो आणि उरलेलं माघारी पाठवतो. ती परतीची नळी सवयीनं सीटखालच्या टाकीला जोडली, तर कॅन रिकामा होत जातो आणि जपून ठेवलेली पेट्रोलची टाकी डिझेलनं भरते. परत येणाऱ्या डिझेलमध्ये बुडबुडे असतात, म्हणून परतीचं टोक ओढणाऱ्या टोकापासून लांब ठेवा. लांबच्या अंतराला स्टीलची नळी वापरा. तांब्यात डिझेल लवकर खराब होऊन गोंद धरतं, आणि हादऱ्यानं तांबं कडक होऊन चिरतं. रबराची होज फक्त इंजिनाजवळ, जिथं हालचाल आहे तिथं.

नळ्या बसल्या, की एअर काढायची. ओढणाऱ्या बाजूला सांधा ढिला असेल तर तिथून डिझेल गळत नाही, उलट हवा आत जाते, त्यामुळं डोळ्यांना काही दिसत नाही. फिल्टरवरचा बँजो बोल्ट अर्धा आटा सैल करा आणि फीड पंपाचं हाताचं बटण दाबत राहा. आधी फेस येतो, पांढरट आणि थुंकल्यासारखा. मग फेसात मध्येच डिझेलची धार, पुन्हा फेस. धार काचेसारखी सलग झाली, एकही बुडबुडा राहिला नाही, की बटण दाबलेलं असतानाच बोल्ट आवळा. पुढं हेच नोझलच्या नटांवर, स्टार्टर मारून. हात तिथून लांब ठेवा. त्या दाबाची धार कातडीतून आत शिरते.

बंद करायचं कसं, हा विचार आधीच करा. पेट्रोल इंजिनाचा करंट तोडला की ते थांबतं. जुन्या डिझेलला पंपाचा स्टॉप लिव्हर ओढावा लागतो. डिझेलला चोक नाही, म्हणून डॅशबोर्डवरची चोकची केबल मोकळीच असते. तीच स्टॉप लिव्हरला जोडा, नवं भोक नको. डिझेल इंजिनाला पेट्रोलसारखा व्हॅक्युमही नसतो. ज्या जीपचे वायपर व्हॅक्युमवर चालतात, तिचे वायपर थांबतील. पाटण-महाबळेश्वरकडच्या पावसात हे चालणार नाही.

कागदाचंही बघा. आरसीवर इंजिन नंबर आणि इंधन दोन्ही नोंदलेलं असतं. मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 प्रमाणं नोंदलेल्या तपशिलात बदल करायचा तर आरटीओची परवानगी लागते, गाडी एमएच-10 असो, एमएच-11 असो की कराडची एमएच-50. परवानगीशिवाय जीप रस्त्यावर आणू नका. अपघात झाला तर विम्यावर वाद होतो. शिवाय 2021 च्या नियमांत 50 वर्षांवरच्या गाडीला व्हिंटेज नोंदणी मिळते, पण चेसिस, बॉडी आणि इंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा लागतो. मूळ इंजिन, मूळ टाकी, मूळ नळी राखून ठेवण्याचं हे आणखी एक कारण.

पाहुणं इंजिन चालू असताना पेट्रोलच्या बाजूचं काम उरकून घ्या. आता पंपावर मिळतं ते 20 टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल. रेठऱ्याच्या कृष्णा कारखान्यासारख्या आपल्याच डिस्टिलरींत उसापासून हे इथेनॉल तयार होतं. उसाला चार पैसे जास्त मिळतात, ते मिळायलाच हवेत. पण 1950 च्या दशकातल्या इंधन पंपाचा डायफ्राम आणि जुनी रबरी होज या पेट्रोलसाठी बनलेली नाही. रबर फुगतं, मग चिरतं. इथेनॉल हवेतला ओलावाही ओढतं. गाडी महिनोन्‌महिने उभी राहिली, तर पाणी आणि इथेनॉल टाकीच्या तळाला वेगळं बसतं आणि गंज तिथूनच सुरू होतो. इथेनॉलमध्ये उष्मांक पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश कमी, म्हणजे 20 टक्के मिश्रणात सुमारे 7 टक्के घट. हवा-पेट्रोलचं मिश्रण पातळ होतं आणि कार्बोरेटरचा जेट थोडा मोठा घ्यावा लागतो.

तेव्हा हरिकेन परत येण्याआधी डायफ्राम आणि सगळ्या होज इथेनॉलला टिकणाऱ्या रबराच्या घाला. टाकी खाली उतरवून फ्लोटच्या भोकातून बॅटरीनं आत बघा. गंजाची नुसती पूड असेल तर साफ करून चालेल. पापुद्रे सुटत असतील, तर नुसत्या साफसफाईवर थांबू नका, सगळे पापुद्रे काढून मग आतून नवा थर देऊन घ्या. जेट किती मोठा आणि फ्लोटची पातळी किती, ते पुढच्या आठवड्यात कार्बोरेटर उघडून बघू.