इलेक्ट्रिक कार घेताय? 'या वर्षीचं मॉडेल' आणि 'सुरुवातीची किंमत' म्हणजे काय, ते आधी समजून घ्या

आमच्या स्टाफरूममध्ये मधल्या सुट्टीत सध्या दोनच विषय निघतात: एक निवडणुकीची ड्युटी आणि दुसरा इलेक्ट्रिक गाडी. पहिल्यावर आमचा इलाज नाही. दुसऱ्यावर मात्र लिहायला हवं असं वाटलं, कारण आमच्याच एका सरांना यात चांगलाच चटका बसला आहे.

सरांनी सहा वर्षं पैसे साठवले. भिशीचा नंबर लागला, थोडी रक्कम भावाने दिली, आणि कर्ज न काढता रोखीने इलेक्ट्रिक कार घेतली. कंपनी कोणती, शोरूम कोणतं, ते सोडून द्या. पेढे वाटले, दुआ घेतल्या. काही आठवड्यांतच त्याच गाडीची किंमत उतरली. वर आरसी हातात आली तेव्हा कळलं की 'नवीन वर्षाचं मॉडेल' म्हणून दिलेली गाडी आदल्या वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये बनलेली होती. सर शांत स्वभावाचे. एवढंच म्हणाले, "पेट्रोलची गाडी असती तर किंमत वाढली असती, ही उतरते कशी काय?"

प्रश्न अगदी बरोबर आहे. पेट्रोल गाडीचा आपला वर्षानुवर्षांचा हिशोब असा, की जानेवारीत कंपन्या भाव वाढवतात, म्हणून डिसेंबरमध्ये घेऊन टाका. इलेक्ट्रिक गाडीला हा हिशोब जसाच्या तसा लागू होत नाही. तो का लागू होत नाही, हे एका गाडीच्या उदाहरणावरून बघू. उदाहरणाला टाटा टियागो ईव्ही घेतो, कारण परवडणाऱ्या गाड्यांमध्ये तिच्या किमतीचा तीन वर्षांचा प्रवास सगळ्यांसमोर झालेला आहे. (खाली दिलेल्या सगळ्या किमती एक्स-शोरूम आहेत.)

सप्टेंबर २०२२ मध्ये ही गाडी आली ती ८.४९ लाखांत. जाहिरातीत हाच आकडा मोठ्या अक्षरांत होता. पण तो होता सर्वात लहान बॅटरीच्या, सर्वात साध्या मॉडेलचा, आणि तोही पहिल्या १० हजार ग्राहकांसाठी. ऑक्टोबरमध्ये बुकिंग उघडलं आणि एका दिवसात १० हजार बुकिंग झाली, तेव्हा कंपनीने तो भाव आणखी १० हजार जणांना दिला. २०२३ मध्ये गाड्या घरी पोचू लागल्या तोवर नवीन बुकिंगसाठी किंमत वीस हजारांनी वाढून ८.६९ लाख झाली होती. इथपर्यंत सगळं पेट्रोल गाडीसारखंच.

मग फेब्रुवारी २०२४ मध्ये कंपनीने भाव कमी केले. काही मॉडेलवर ७० हजारांपर्यंत कपात झाली आणि सुरुवातीची किंमत ७.९९ लाखांवर आली. बॅटरीतले सेल स्वस्त झाले, तो फायदा ग्राहकाला देतो आहोत, असं कारण देण्यात आलं. त्याच सुमारास एमजी कॉमेट ही छोटी गाडी ७.९८ लाखांवरून ६.९९ लाखांवर आली होती. टाटाच्याच नेक्सॉन ईव्हीची सुरुवात आधी १४.४९ लाखांवर आली, आणि सप्टेंबर २०२४ मध्ये सणाच्या ऑफरमध्ये १२.४९ लाखांवर. म्हणजे एका वर्षात दोनदा. जानेवारी २०२४ मध्ये नेक्सॉन ईव्ही घेतलेल्या माणसाला कसं वाटलं असेल, ते आमच्या सरांना विचारावं लागत नाही.

याचं मूळ बॅटरीत आहे. इलेक्ट्रिक गाडीत सर्वात महाग भाग बॅटरीचाच. ब्लूमबर्गएनईएफ ही संस्था दरवर्षी बॅटरीच्या भावाचा जागतिक सरासरी आकडा काढते. २०२२ मध्ये तो एका किलोवॉट-तासाला सुमारे १५१ डॉलर होता, २०२४ मध्ये ११५ डॉलर. टियागोची मोठी बॅटरी २४ किलोवॉट-तासांची आहे. गुणाकार करा: दोन वर्षांत जवळजवळ ८६० डॉलरचा, म्हणजे साधारण ७० हजार रुपयांचा फरक. जागतिक सरासरी म्हणजे काही कंपनीची खरेदी किंमत नव्हे, पण कपात कुठून आली त्याचा अंदाज यावरून येतो. पेट्रोल इंजिनाच्या लोखंडात असं काही होत नाही. तिथे कच्चा माल महागतो आणि भाव चढतो. इथे दोन्ही चालू असतं: लोखंड, मजुरी, वाहतूक महागते आणि बॅटरी स्वस्त होते. कोणत्या वर्षी कोण जिंकेल, ते आधी सांगता येत नाही.

आता 'नवीन मॉडेल' या शब्दाकडे वळू. जानेवारी २०२५ मध्ये टियागो ईव्हीचं '२०२५ मॉडेल' आलं. वरच्या मॉडेलला १०.२५ इंची टचस्क्रीन, एलईडी हेडलाइट, नवं स्टिअरिंग वगैरे मिळालं. सुरुवातीची किंमत ७.९९ लाखच राहिली आणि सर्वात वरचं मॉडेल ११.१४ लाखांना. २०२२ मध्ये सर्वात वरचं मॉडेल ११.७९ लाखांचं होतं. पण बॅटऱ्या त्याच दोन, १९.२ आणि २४ किलोवॉट-तासांच्या. म्हणजे कपडे नवे, पोट तेच. मुलांना मोठी स्क्रीन आवडते हे आम्हाला मान्य आहे, पण स्क्रीनवर गाडी चालत नाही. दरवर्षीच्या बदलात विचारायचा पहिला प्रश्न हा, की बॅटरी, मोटर किंवा चार्जर यातलं काही बदललं का? नसेल बदललं, तर आदल्या वर्षी बनलेली गाडी चांगल्या सवलतीत घ्यायला हरकत नाही. मात्र ती आदल्या वर्षीची आहे हे माहीत असलं पाहिजे आणि सवलत खरी असली पाहिजे.

किती सवलत म्हणजे खरी? इथे विम्याचा तक्ता कामाला येतो. विमा कंपनी गाडीची किंमत धरते तेव्हा सहा महिन्यांच्या आतल्या गाडीला ५ टक्के घट, सहा महिने ते वर्षाला १५ टक्के, एक ते दोन वर्षांना २० टक्के घट लावते. पुढे विकताना खरेदीदारही आरसीवरचं बनल्याचं वर्षच आधी बघतो. तुम्ही जानेवारीत घेतली की डिसेंबरात, याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. त्यामुळे आठ लाखांच्या गाडीवर दहा हजार आणि फ्लोअर मॅट देऊन कोणी जुना स्टॉक खपवत असेल, तर नम्रपणे सलाम करून बाहेर या. पूर्ण पैसे भरण्याआधी चेसिस नंबर आणि बनल्याचा महिना-वर्ष लिहून मागा. शोरूमवाले हे देतात, फक्त विचारावं लागतं. आमच्या सरांनी विचारलं नव्हतं.

रेंजच्या आकड्याचंही तेच. २०२२ मध्ये मोठ्या बॅटरीला ३१५ किलोमीटर आणि लहानीला २५० असं सांगितलं गेलं. पुढे चाचणीत शहराबरोबर वेगवान रस्त्याचा भागही मोजायची पद्धत आली आणि तीच मोठी बॅटरी कागदावर ३०० च्या आत आली. बॅटरी कमी झाली नव्हती, मोजपट्टी बदलली होती. प्रत्यक्षात एसी लावून, चार माणसं बसवून मोठ्या बॅटरीत दोनशेच्या आसपास धरा. अब्बांना दवाखान्यात न्यायचं असेल तेव्हा जाहिरातीतला आकडा धरून निघू नका.

आता सर्वात अवघड भाग: परवडते का? ही तुलना २०२५ मध्ये बदलली आहे. इलेक्ट्रिक गाडीवर जीएसटी ऑगस्ट २०१९ पासून ५ टक्के आहे. २२ सप्टेंबर २०२५ ला छोट्या पेट्रोल गाड्यांचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला, सेसही गेला. इलेक्ट्रिकचा ५ च राहिला. त्यामुळे पेट्रोल टियागो ४.५७ लाखांपासून मिळू लागली आणि दोघींमधलं अंतर वाढलं: ७.९९ वजा ४.५७, म्हणजे ३.४२ लाख. महाराष्ट्रात दहा लाखांच्या आतल्या पेट्रोल गाडीला ११ टक्के रोड टॅक्स लागतो, इलेक्ट्रिकला माफ आहे. ते सुमारे ५० हजार वजा केले तर २.९२ लाख उरतात.

पेट्रोल १०४ रुपये लिटर आणि शहरात लिटरला १७ किलोमीटर धरलं तर किलोमीटरला सहा रुपये. इलेक्ट्रिक गाडी एका युनिटात साधारण सात किलोमीटर जाते. घरची वीज १२ रुपये युनिट धरली तर किलोमीटरला पावणेदोन रुपये. बारा रुपये जास्त वाटतील, पण आम्ही मुद्दाम जास्त धरले. घरचा वापर तीनशे युनिटच्या वर गेला की वरच्या टप्प्याचा दर लागतो, आणि गाडी जोडली की आपण तिथे पोचतोच. गाडीसाठी वेगळा मीटर घेता येतो, त्याची चौकशी महावितरणच्या ऑफिसात करून ठेवा.

किलोमीटरमागे बचत सव्वाचार-साडेचार रुपये. २.९२ लाख भरून निघायला ६६ हजार किलोमीटर चालवावी लागेल. रोज चाळीस किलोमीटर, वर्षाला बारा हजार धरले तर साडेपाच वर्षं. रोज ऐंशी असेल तर पावणेतीन वर्षं. आणि गाडी फक्त जुम्याला आणि लग्नाला निघणार असेल तर ते पैसे बचतीतून निघणारच नाहीत, हे स्पष्ट सांगतो. एक गोष्ट इलेक्ट्रिकच्या बाजूने: ती ऑटोमॅटिक असते, आणि आम्ही वर साध्या गिअरच्या पेट्रोल गाडीशी तुलना केली. तुम्ही ऑटोमॅटिक पेट्रोलच घेणार असाल तर अंतर बरंच कमी होतं. बॅटरीची वॉरंटी आठ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटर, जे आधी होईल ते.

सवलतींबद्दल गैरसमज फार आहेत. "मोदी सरकारची सबसिडी मिळेल ना?" असं पालकसभेतही आम्हाला विचारलं गेलं. केंद्राच्या फेम-२ मध्ये घरगुती कार नव्हती, पीएम ई-ड्राइव्हमध्येही नाही. कर्जाच्या व्याजावर आयकरात दीड लाखांची वजावट होती, ती ३१ मार्च २०२३ पर्यंत मंजूर झालेल्या कर्जांपुरती. महाराष्ट्राच्या २०२५ च्या धोरणात टोलमाफी आहे, अटल सेतूवर ती २२ ऑगस्ट २०२५ पासून सुरू झाली. नाशिक किंवा परभणीत राहणाऱ्या कुटुंबाला अटल सेतूचा किती उपयोग, ते त्यांनीच ठरवावं. शोरूममध्ये कोणी सबसिडीचा आकडा तोंडी सांगत असेल तर तो कोटेशनवर लिहून घ्या.

शेवटी ती 'अर्ध्या किमतीत गाडी'ची जाहिरात. सप्टेंबर २०२४ मध्ये एमजीने विंडसर ९.९९ लाखांत आणली, बॅटरीचे पैसे वेगळे: किलोमीटरला साडेतीन रुपये. बॅटरीसकट पूर्ण किंमत १३.५० लाख. फरक ३.५१ लाख, त्याला साडेतीनने भागा: एक लाख किलोमीटर. म्हणजे एक लाख किलोमीटर झाले की बॅटरीचे पैसे फिटले, पुढे चालवलं तर जास्त गेले. कॉमेटसाठीही अशीच योजना आली, ४.९९ लाख आणि किलोमीटरला अडीच रुपये. विजेचं बिल याच्या वर. विंडसरच्या वेळी काही वित्तसंस्थांची दरमहा किमान १५०० किलोमीटरची अट होती. गाडी दारात उभी राहिली तरी ५,२५० रुपये द्यायचेच.

आपल्यातली बरीच घरं व्याजाचं कर्ज टाळतात, आणि 'हे तर भाडं आहे' म्हणून या योजनेकडे वळतात. हे भाडं आहे की हप्ता, ते नावावरून ठरत नाही. करारात वित्तसंस्था कोण आहे, बॅटरी कोणाच्या मालकीची लिहिली आहे, उशीर झाला तर काय लागतं, हे वाचायचं असतं. त्यावर मत देणं आमचं काम नाही. कराराची प्रत घेऊन जाणत्या आलिमांना दाखवा, नुसतं जाहिरातीचं पान नको.

रोखीने घेणाऱ्याला किंमत उतरण्याचा फटका पूर्ण बसतो, कारण त्याचे सगळे पैसे एका दिवसात जातात. म्हणून सरांनी आता धाकट्या भावाला वेगळा सल्ला दिला आहे. त्याचं रोजचं येणं-जाणं सत्तर किलोमीटर आहे, घराला स्वतःचं अंगण आणि १५ अँपिअरचा पॉइंट आहे. "भाव अजून उतरेल म्हणून बसून राहू नकोस, तितक्या दिवसांचं पेट्रोल जाळशील," असं सर त्याला म्हणाले. "पण बुकिंग करताना मला घेऊन चल. चेसिस नंबर मी बघतो."