उन्हाळ्यातील भाजीची टंचाई व परसबाग

सातपुड्याच्या डोंगरपाड्यांत किंवा मेळघाटात गरीब कुटुंबाच्या घरी धान्य असते. भाजी मात्र बारमाही नसते. राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्यान्वये (२०१३) प्राधान्य कुटुंबास माणशी दरमहा ५ किलो व अंत्योदय कुटुंबास ३५ किलो धान्य मिळते. त्याने पोट भरते. परंतु लोह, कॅल्शियम व ‘अ’ जीवनसत्त्व यांची उणीव भरून निघत नाही, आणि तिची झळ प्रथम गरोदर स्त्रियांस व लहान मुलांस पोहोचते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रौढ माणसाने रोज निदान ४०० ग्रॅम भाज्या व फळे खावीत. बाजार दूर, भाव चढे आणि जाण्यायेण्यात दिवसाची मजुरी बुडते, अशा स्थितीत मजूर कुटुंबाने हे कसे साधावे?

येथे ऋतुमानाचा विचार आवश्यक आहे. पावसाळ्यात टाकळा, कुरडू, करटोली या रानभाज्या विनामूल्य मिळतात, व पाड्यावरील स्त्रिया त्या कोणाही कार्यकर्त्यापेक्षा अधिक चांगल्या ओळखतात. हिवाळ्यात वाल व हरभऱ्याचा पाला असतो. खरी ओढ लागते ती फाल्गुनापासून मृगापर्यंत. असे असता परसबागेचे बियाणे पुष्कळदा जून महिन्यात वाटले जाते. टाकळा दाराशी उगवला असताना वाफ्यातील पालकाचे अगत्य कोणास राहणार? वाटप माघात करावे व त्यात माठ, चवळी, भेंडी, दोडका ही उन्हाळा सोसणारी पिके असावीत.

पाणी हीच मोठी अडचण. तथापि टंचाईतही स्नानाचे व भांड्यांचे पाणी घराबाहेर पडतेच. ते वाळू-खडीच्या खड्ड्यातून गाळून वाफ्यास द्यावे. कपड्यांच्या साबणाचे पाणी पालेभाजीस देऊ नये. ते केळीकडे सोडावे. कच्ची खाण्याची कोथिंबीर मात्र स्वच्छ पाण्यावरच घ्यावी.

सर्वांत भरवशाचे झाड शेवग्याचे. त्याच्या पाल्यात वर उल्लेखिलेली तिन्ही द्रव्ये आहेत. पावसाळ्याच्या आरंभी मनगटाएवढ्या जाड फांदीचा १ ते १.५ मीटर लांबीचा तुकडा मोरीजवळ, परंतु पाणी साचणार नाही अशा जागी लावावा. पहिले वर्ष काट्यांचे कुंपण हवेच. सुगीनंतर मोकळी सुटलेली शेळी कोवळा शेंडा ठेवीत नाही. दोन झाडे असल्यास एक शेंगांसाठी राखावे व दुसरे थंडी सरताच कमरेच्या उंचीवर छाटावे, म्हणजे ऐन उन्हाळ्यात हाताशी कोवळा पाला येतो. केसाळ अळ्यांमुळे अनेकजण घराजवळ शेवगा लावण्यास नाखूश असतात. ही तक्रार खोटी नव्हे. खोडावर अळ्यांचे पुंजके दिसताच जळत्या पलित्याने ते नष्ट करावेत. घराचे छप्पर गवती असल्यास पलिता न वापरता पुंजके काठीने साबणाच्या पाण्यात पाडावेत. पाला शिजविल्यावर पाणी फेकू नये. भाजीत थोडे तेल असावे व वरून लिंबू पिळावे, म्हणजे त्यातील लोह अंगी लागण्यास मदत होते.

भूमिहीन कुटुंबास अंगण नसले तरी छप्पर असते. भिंतीच्या कडेस जुन्या पोत्यात माती व शेणखत भरून त्यात दोडका वा दुधी लावावा आणि वेल छपरावर चढवावा. चांगल्या वेलीवरील एक-दोन फळे भाजीस न तोडता तशीच वाळू द्यावी व त्यांचे बी राखेत मिसळून पुढील माघासाठी ठेवावे. मात्र संकरित वाणाचे बी असे राखू नये.