खिसा हलका, गेमिंग भारी!

ट्रॅक्टरवर 'डूम' खेळता येतो, माहीत आहे का? अगदी खरं! २०२२ मध्ये लास व्हेगासच्या 'डेफ कॉन' या हॅकर मेळाव्यात एका पठ्ठ्यानं जॉन डिअर ट्रॅक्टरच्या स्क्रीनवर हा १९९३ चा गेम चालवून दाखवला. वर गेममध्ये शेतही उभं केलं! प्रिंटर, कॅल्क्युलेटर, एटीएम... डूम कुठे कुठे धावलाय त्याची यादी संपता संपत नाही.

मग गेमिंगला लाख-दीड लाख लागतातच, हे कुणी ठरवलं? बहुतेक मंडळी आधी मशीन घेतात आणि मग त्यावर काय खेळायचं ते शोधतात. उलटं करा! आधी गेम, मग स्क्रीन, मग ग्राफिक्स कार्ड. बाकी सगळं त्यामागून. पैसे इथूनच वाचायला लागतात.

तर आधी गेम. शाळेच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये मॅडमची पाठ वळली की 'डेंजरस डेव्ह' सुरू, आठवतंय? पाइपांवरून उड्या मारणारा तो डेव्ह आणि रक्ताळलेला डूम या दोघांमागे एकच माणूस आहे, माहीत आहे का? जॉन रोमेरो!

आणि टेट्रिस? १९८४ मध्ये मॉस्कोत अलेक्सेई पाझितनोव यांनी तो ज्या इलेक्ट्रॉनिका ६० मशीनवर लिहिला, त्याला ग्राफिक्सच नव्हतं. मग ठोकळे कसे दाखवले? चौकटी कंस टाइप करून! ग्राफिक्स कार्डाचं बजेट शून्य, गेम जगप्रसिद्ध.

आता दुसरं टोक. 'क्रायसिस चालेल का?' हा प्रश्न गेमर लोक नव्या कॉम्प्युटरला वर्षानुवर्षं विचारत आले. २००७ चा हा गेम भल्याभल्या मशीन्सना घाम फोडायचा. कारण मोठं मजेदार आहे. पुढे प्रोसेसरचा एकेक कोअर वेगवान होत जाईल, असा अंदाज बांधून तो बनवला होता. प्रत्यक्षात कंपन्यांनी वेगाऐवजी कोअरची संख्या वाढवली. त्यामुळे नंतरचे तगडे प्रोसेसरही त्याच्यापुढे अडखळले. धडा घ्यायचा तर हा घ्या: बॉक्सवरचे कोअर मोजू नका, तुमचा गेम त्यावर किती फ्रेम्स देतो ते यूट्यूबवर पाहा. प्रोसेसर आणि कार्डाचं नाव, पुढे गेमचं नाव टाइप करा. टेस्ट हजर!

महागडा गेम म्हणजे मस्त गेम? छे! २०२३ च्या बाफ्टा पुरस्कारांत 'एल्डन रिंग' आणि 'गॉड ऑफ वॉर रॅग्नारॉक' अशा बड्या धेंडांना मागे टाकून 'बेस्ट गेम' कोण ठरला, माहीत आहे का? 'व्हॅम्पायर सर्व्हायव्हर्स'! किंमत पाच डॉलरच्या आत, चित्रं जुन्या व्हिडिओ गेमसारखी, आणि साध्या लॅपटॉपवरही पळतो.

'स्टारड्यू व्हॅली'ची तर कमालच. चित्रं, संगीत, गोष्ट, कोडिंग, सगळं एकट्या एरिक बॅरोननं केलं. साडेचार वर्षं खपला, २०१६ मध्ये गेम आणला आणि आजवर त्याच्या चार कोटींहून जास्त प्रती विकल्या गेल्या. शेती करा, मासे पकडा, लग्न जमवा. ग्राफिक्स कार्ड नसलं तरी पीक जोमात!

आपल्या पुण्याचं नाव या यादीत आहे, माहीत आहे का? 'राजी: अ‍ॅन एन्शंट एपिक' हा २०२० चा गेम पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा. क्राउडफंडिंगची मोहीम फसली, तरी टीम हटली नाही. पुढे 'द गेम अवॉर्ड्स'मध्ये पदार्पणातल्या सर्वोत्तम गेमसाठी नामांकन मिळालं. भारतीय पुराणकथांचा असा देखणा गेम आपल्या लायब्ररीत हवाच.

मित्रांबरोबर धुमाकूळ घालायचाय? 'व्हॅलोरंट' फुकट आहे. किमान गरज ४ जीबी रॅम आणि इंटेल एचडी ४०००, म्हणजे २०१२ च्या काळातलं ग्राफिक्स. कमी ताकदीच्या मशीनवरही चालावा, हे बनवणाऱ्यांनी आधीच ठरवलं होतं. त्याचे सर्व्हर मुंबईतही आहेत, म्हणजे आपल्याकडे पिंग, अर्थात सर्व्हरशी बोलायला लागणारा वेळ, कमी. तरीही गेम अडकतोय? नव्या कार्डाआधी वायफाय सोडा आणि लॅन केबल लावून पाहा.

आता स्क्रीन. सगळं गणित इथेच आहे, म्हणून जरा थांबून वाचा. फुल एचडी स्क्रीनवर २०,७३,६०० ठिपके असतात. फोर-केवर? ८२,९४,४००. बरोब्बर चौपट! म्हणजे तोच गेम, तोच सीन, पण कार्डानं प्रत्येक फ्रेमला चौपट ठिपके रंगवायचे. फोर-के मॉनिटर स्वस्तात मिळाला म्हणून उचललात, तर खरा खर्च कार्डाच्या दुकानात होतो. स्टीमच्या सर्वेक्षणात सगळ्यात जास्त खेळाडू फुल एचडीवरच दिसतात. बजेटवाल्यांसाठी माझं मत एकदम पक्कं: २४ इंची फुल एचडी, जमलं तर १४४ हर्ट्झ. डोळ्यांना सुख, कार्डाला आराम.

पण १४४ हर्ट्झचा मॉनिटर घेऊनही अनेकजण ६० वरच खेळत राहतात, माहीत आहे का? विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये जाऊन रिफ्रेश रेट स्वतः बदलावा लागू शकतो. दोन क्लिक, शून्य रुपये! तेवढ्यात मॉनिटरची मागची केबलही तपासा. ती मदरबोर्डला जोडली असेल, तर हजारोंचं कार्ड नुसतं बसून आहे. केबल कार्डाला लावा.

हॉट न्यूज, शब्दशः! २०२५ च्या सुरुवातीला आलेल्या आरटीएक्स ५०९० ची भारतातली सुरुवातीची किंमत २,१४,००० रुपये, आणि विजेची भूक ५७५ वॅट. घरातला मिक्सर चटणी वाटताना साधारण तेवढीच वीज खातो, तीही दोन मिनिटं. हे कार्ड तासन् तास खातं!

कार्डांच्या नावांत तर भूलभुलैया आहे. जीटी १०३० नावाची दोन कार्डं बाजारात आली. एकात जीडीडीआर५ मेमरी, दुसऱ्यात डीडीआर४. नाव तेच, पण दुसऱ्याच्या मेमरीचा वेग जवळपास एक तृतीयांश! आरटीएक्स ३०६० मध्ये १२ जीबी मेमरी, तर त्याहून वेगवान ३०६० टीआयमध्ये ८ जीबी. म्हणजे जीबी बघून वेग ठरवता येत नाही. लॅपटॉपमध्ये आणखी गंमत. आरटीएक्स ४०६० असं स्टिकर असलेल्या दोन लॅपटॉपांत एकाला ३५ वॅट मिळतात, दुसऱ्याला ११५. स्टिकर एक, वेगात जमीन-अस्मानाचा फरक. दुकानदाराला वॅट विचाराच.

प्रोसेसरच्या नावामागचं एक अक्षरसुद्धा पैसे वाचवतं. इंटेलमध्ये शेवटी 'एफ' म्हणजे आत ग्राफिक्स नाही, वेगळं कार्ड घ्यावंच लागेल. एएमडीच्या रायझन ५ ५६००जी मधला 'जी' म्हणजे ग्राफिक्स आतच! आज हाच घ्या, कार्ड नंतर बसवा. फक्त रॅमच्या दोन सारख्या पट्ट्या टाका. ८ जीबीच्या दोन पट्ट्या १६ जीबीच्या एका पट्टीपेक्षा अशा प्रोसेसरवर बऱ्याच जास्त फ्रेम्स देतात.

रॅमवरून आठवलं. २०२५ च्या अखेरीस एआय डेटा सेंटरांनी मेमरीची इतकी मागणी केली, की भाव ऐकून 'रॅम, रॅम' ऐवजी 'राम, राम' म्हणायची वेळ आली! त्यामुळे जुन्या मशीनमधली पट्टी चालत असेल तर जपून ठेवा.

आणि गेम साठवायला जागा किती लागते? २००४ मध्ये जर्मन मंडळींनी बनवलेला '.क्रीगर' हा थ्रीडी शूटर अवघ्या ९६ केबीत मावतो. आणि २०१९ चा 'कॉल ऑफ ड्यूटी: मॉडर्न वॉरफेअर' अपडेट्स खात खात २०० जीबीच्या पार गेला. मोठे गेम खेळणार असाल तर एसएसडी १ टीबीची घ्या.

मुंबईचा लॅमिंग्टन रोड ज्या लॉर्ड लॅमिंग्टन यांच्या नावाचा, ते १९०३ ते १९०७ मुंबईचे गव्हर्नर होते, माहीत आहे का? रस्त्याचं आजचं नाव डॉ. भडकमकर मार्ग. पार्ट्स घ्यायला तिथे जा किंवा पुण्यात, नागपुरात फिरा, पण लेखी कोटेशन दोन-तीन दुकानांतून घ्या. एकूण बजेटचा तिसरा हिस्सा ते निम्मी रक्कम कार्डाला द्या. लुकलुकणारे आरजीबी दिवे कापा, एसएमपीएसमध्ये, म्हणजे पॉवर सप्लायमध्ये, मात्र कंजुषी नको. तो स्वस्तातला बिघडला तर सोबत बाकीचे पार्ट्सही नेऊ शकतो. जुनं कार्ड घेताय? समोर अर्धा तास गेम चालवून दाखवायला सांगा, बिल आणि सीरियल नंबर जुळवा, मगच पैसे द्या.

आणि गेम्ससाठी खिसा रिकामा करू नका! एपिक गेम्स स्टोअर दर आठवड्याला गेम फुकट देतं. मे २०२० मध्ये त्यांनी चक्क 'जीटीए ५' वाटला, तेव्हा गर्दीनं साइटच कोलमडली. स्टीमवर २०१५ पासून भाव रुपयांत दिसतात, उन्हाळी आणि हिवाळी सेलमध्ये ते धपाधप उतरतात.

घेतलेला गेम तुमच्या मशीनवर रडतोय? विकत घेऊन १४ दिवस झाले नसतील आणि खेळ २ तासांच्या आत असेल, तर स्टीम पैसे परत देतं. म्हणून नवा गेम उतरवला की पहिल्या तासातच सेटिंग्ज खालीवर करून बघा, आणि नाही जमलं तर बिनधास्त रिफंड मागा!